मागं कोण बसतंय

गाडी घ्यायची म्हणून नाथाच्या जिवाला नुसता घोर लागला होता. चौसाळ्याच्या धनगराच्या पोरानं मेंढरांच्या धंद्यावर डोंगरात चढणारी नवीकोरी गाडी घ्यायची, हे काय सोपं काम झालं? रोज मोबाइलवर दोन गाड्या बघायचा. एक तीन दारांची, आखूड, काळीभोर. दुसरी तिचीच थोरली बहीण, पाच दारांची, पांढरी. बायको उज्ज्वला जेवायला हाका मारून दमायची आणि हा ताटावर बसून कोणती किती उंच तेच सांगत राहायचा.

त्याच्या आईला, साखराबाईला, उंचीचं काही पडलं नव्हतं. तिला एकदा चकलांब्याला जायचं होतं, तिच्या धाकट्या बहिणीकडं, रतनबाईकडं. दोघी बापाच्या मेंढरांमागं रानोरान हिंडून वाढलेल्या, एका वाकळेत निजलेल्या. रतनबाई आता अंथरुणाला खिळली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ निरोप धाडायची, की अक्काला म्हणावं एकदा येऊन जा. साखराबाई पिशवी भरून काळीपिवळी जीपनं निघालीसुद्धा होती. नाथानंच अडवलं.

"आता कावून लोकांच्या मांडीला मांडी लावून जाती? आपली गाडी येतीच हाय. आपल्या गाडीत जायचं, इज्जतीत."

साखराबाईनं पिशवी खुंटीला अडकवली. लेकाचा शब्द तिला गोड लागला, खोटं कशाला बोला. रतनबाईलाही तसाच निरोप गेला, की अक्का लेकाच्या गाडीतनं येणार हाय.

बीडच्या शोरूमला मायलेक दोघं गेले. गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. आता नाथाच्या घरात तीन पिढ्या मेंढरांचा व्यवहार. नर पारखायचा तो समोर उभं राहून, छाती किती रुंद, मान किती जाड, पायात किती उंच. या खुळ्यानं गाडीही तशीच पारखली. काळीच्या समोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि जो हुरळला तो हुरळलाच. पांढरी लांबीला चांगली हातभर जास्त, पण समोर उभं राहणाऱ्याला लांबी कुठली दिसायला? मग काळीत पुढं बसला, पांढरीतही पुढंच बसला. पुढं दोन्ही सारख्याच ऐसपैस. अशी तुलना करून काय कळणार, कपाळ?

"भाऊ, एकदा मागं बसून बघा," तिथला सेल्समन आमेर म्हणाला. पोरगा सरळ होता. "काळीला मागं दारच न्हाई. पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतंय, अन् शिरलं तरी पाय दुमडून बसायचं. पांढरीला मागं अखंड सीट हाय. तीन माणसं आरामात बसतील."

"मागं कोण बसतंय?" नाथा म्हणाला.

साखराबाई तोवर पांढरीच्या मागच्या दारानं आत जाऊन बसलीही होती. दाराखालच्या पायरीवर एक पाय, कडीला हात, की आत. चपला खाली फरशीवर काढून ठेवल्या होत्या आणि सीटवर मस्त मांडी घातली होती. दुखरा गुडघा चोळत काचेतनं बाहेर बघत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर असं समाधान दिसलं होतं.

"माय, कोणती घिऊ?" नाथानं विचारलं. विचारताना त्याचा हात काळीच्या बॉनेटवर होता.

साखराबाईनं तो हात बघितला. "दोन्ही चांगल्या हायेत. तुला आवडंल ती घे."

तिनं त्या दिवशी खरं बोलायला हवं होतं. आणि त्यानं तरी त्या फरशीवरच्या चपला बघायला हव्या होत्या.

काळी घरी आली. पूजेला उज्ज्वलाचे वडील सुंदरराव आले. आधी नारायणगडाला नारळ फोडायचा आणि तिथनं चकलांबा, असं ठरलं. साखराबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले. सुंदरराव पुढच्या सीटवर बसले होते, जावयाच्या गाडीत सासरा पुढंच बसायचा. पण माणूस चांगला. खाली उतरले आणि म्हणाले, "इहीणबाई, तुमी बसा पुढं."

साखराबाईनं पदर पुढं ओढला. "व्याह्याला मागं घालून मी पुढं बसू? लोक शेण घालतील तोंडात."

मग नाथानं सीट वाकवली. साखराबाईनं एक पाय आत घातला, उज्ज्वलानं मागून आधार दिला, आणि गुडघा मधेच अडकला. ना आत, ना बाहेर. गल्ली गोळा झालेली. कुणीतरी फिसकन हसलं. अखेर तिला ओढूनच बाहेर काढावं लागलं. डोक्यावरचा पदर पडला होता, तो तिनं नीट केला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "शेरडं बांधलेली हायेत, घर राखायला कुणीतरी पायजे. मी पुढच्या खेपेला जाईन." लाडवाची पिशवी तिनं उज्ज्वलाच्या हातात दिली.

नाथाच्या मनात आलं, की आज राहू द्यावं सगळं. पण गाडीला हार घातलेला, गल्ली बघतेय. "पुढच्या खेपेला नक्की, माय," म्हणाला आणि त्यानं गाडी काढली.

चकलांब्यात रतनबाईला दारात आणून बसवलं होतं. तिनं सगळ्यांना उतरताना बघितलं आणि मागच्या काचेकडं बोट केलं. "अक्का मागं बसली का?"

"न्हाई मावशे, गुडघा लई दुखतोय. पुढच्या आठवड्यात आणतो."

पुढच्या आठवड्यात बाजार आला. मग लोकर कातरायची आली. मग चकलांब्याहून निरोपच आला, की रतनबाईच्या अंगावरनं वारं गेलं. नाथानं हातातलं काम टाकलं, स्टूल मांडून आईला पुढच्या सीटवर चढवलं आणि गाडी पळवली. थेट चकलांब्याला.

"रतने, मी आले गं." साखराबाईनं बहिणीचा हात हातात घेतला.

रतनबाईनं परक्या बाईकडं बघावं तसं तिच्याकडं बघितलं. मग सुनेला विचारलं, जड जिभेनं, "कोण पाव्हणी?"

"आत्याबाई, अक्का आल्यात."

"अक्का न्हाई आली," रतनबाई म्हणाली. "ती लेकाच्या गाडीतनं येणार हाय."

नाथा बाहेर आला, पुढची सीट वाकवली आणि गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच मागं जाऊन बसला. सीट पुन्हा जागेवर येऊन बसली. त्याचे गुडघे तिच्या पाठीला टेकले. पाय हलवायला जागा नव्हती. माणसाला एवढं साधं बघता येऊ नये, याची त्याला लाज वाटली आणि तो तिथंच रडत बसला.

बऱ्याच वेळानं साखराबाई बाहेर आली. उघड्या दारापाशी उभी राहिली.

"मी काळीपिवळीनं आले असते रं," ती म्हणाली. "मला सवय होती."

नाथाला बाहेर यायचं होतं. पण सीट आतून कशी वाकवायची ते त्याला ठाऊक नव्हतं. साखराबाई बाहेरून सीट वाकवायची कडी चाचपत राहिली.