नऊ सेकंदांचे हिंमतराव

"उघडत नही, मावशी," हेमकांतने तिसऱ्यांदा सांगितलं आणि नवा डिस्प्ले बसवलेला त्यांचा जुना फोन काउंटरवर ठेवला. पांढऱ्या पडद्यावर एक गोल नुसता फिरत होता.

नंदुरबारच्या एसटी स्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. देशादेशांची भांडणं त्याच्याकडे अशीच येत. कधी डिस्प्ले मिळेना, कधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर बंद. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं काम तेवढं त्याच्या वाट्याला.

"पन काब्र उघडत नही?" छबूबाईंनी विचारलं. त्या रनाळ्याहून आल्या होत्या.

"ॲप चीननं शे. सीमावर भांडण व्हयनं, मंग सरकारनी बंद करी टाकं. आपली माहिती तिकडे जास म्हने."

"मन्हा मालकनी कोनती माहिती जाती? त्या तं ध्रुपद धरेत."

त्यांचे मालक हिंमतराव तीस वर्षं नवलबुवांच्या कीर्तनात मागे उभे राहून टाळ वाजवत, अभंगाचं ध्रुपद धरत. गावात कीर्तनांची रेकॉर्डिंगं पुष्कळ, पण सगळ्यांत आवाज बुवांचा. हिंमतरावांचा एकट्याचा अभंग लेकीनं हौसेनं या ॲपवर टाकला होता, तेवढाच. मग फोन फुटला, पेटीत पडला. आणि गेल्या वर्षी हिंमतरावही गेले. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध. सकाळी दहाला बुवांचं कीर्तन. त्याआधी चार माणसांना त्यांचा आवाज ऐकवायचा, असं छबूबाईंनी मनाशी धरलं होतं.

"बसा थोडं," हेमकांत म्हणाला. त्याने फोन कॉम्प्युटरला जोडला. ॲप बंद पडलं तरी फोनच्या पोटात काही उरतं कधीकधी.

दोन एसट्या गेल्या. मग त्याने मान वर केली.

"अभंग नही सापडना, मावशी. तो तिकडेच ऱ्हायना. त्याना आगोदरना एक तुकडा शे. त्यामा गानं नही."

पडद्यावर हिंमतराव आले. टोपी सारखी केली. घसा खाकरला. टाळ एकदाच वाजवला, आणि समोर बघून विचारलं, "व्हयनं का चालू?"

संपलं. नऊ सेकंद.

छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. दाखवलं नसतं तर बरं, असं हेमकांतला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "भाऊ, सकाळले तू ये. माले हाई चालू कराले जमाव नही."

सकाळी मंडपात टाळकऱ्यांनी हिंमतरावांची जागा मोकळी ठेवली होती. छबूबाईंनी हेमकांतला फोन आणि माइक देऊन तिथंच उभं केलं. नवलबुवा हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. सुरू करेनात. माणसं चुळबुळली.

"बुवा, करा ना सुरू," पुढून कुणीतरी म्हणालं.

"तीस वरीस तो खाकरे, मंग मी तोंड उघडू," बुवा डोळे न उघडता म्हणाले. "आज मन्हं तोंडच उघडी नही ऱ्हायनं."

हेमकांतने छबूबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्याने फोन माइकला लावला.

खाकरणं. एक टाळ. "व्हयनं का चालू?"

"व्हयनं, हिंमत," बुवा म्हणाले, आणि मागे वळून न बघता त्यांनी अभंग उचलला.

टाळ वाजू लागले. शेजारच्या टाळकऱ्याने थोडं सरकून हेमकांतला नीट उभं राहायला जागा करून दिली.