माझ्या नाकावरची खूण कोणी घासली?

सकाळचे अकरा. जुन्या वस्तूंचं दुकान, रस्त्याकडच्या काचेमागची फळी. त्या फळीवर मी होतो. मी सुताराचा रंधा. माझ्या गळ्यात चिठ्ठी होती: ‘जहाजबांधणीतील दुर्मिळ रंधा, दीडशे वर्षे जुना.’ धडधडीत खोटं. मी समुद्र पाहिलेला नाही.

एका डावखुऱ्या सुताराने मला स्वतःच्या हातासाठी घडवलं, तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. माझ्या उजव्या अंगाला त्याच्या डाव्या अंगठ्याने खळगा पाडला आहे. नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्याची खूण होती, दोन तिरप्या खाचा. ती दुकानदाराने पॉलिश पेपरने घासून काढली आणि वर व्हार्निश फासलं. जुनं म्हणून भाव सांगायचा आणि जुनेपणच खरवडून टाकायचं, ही कुठली अक्कल? जाणकार माणूस आधी हाताचा मळ बघतो, झीज बघतो. यांना चकाकी पुरते.

सुतार दवाखान्यात होता, तेव्हाच आम्ही सगळी हत्यारं त्याच्या वर्कशॉपमधून नाहीशी झालो. तो बरा होऊन परतला, पण कामाला लागणार कशाने?

त्या सकाळी एक हॉटेलवाला मला भिंतीवर टांगायला न्यायला दुकानात आला होता. काचेतून मला पाहून सुताराची मुलगी तरातरा आत आली.

“काका, तो रंधा दाखवा.”

“गेला तो, ताई. जहाजावरचा आहे, दीडशे वर्षांचा.”

“दीडशे? मग आमचे बाबा भलतेच दीर्घायुषी निघाले!” तिने डावा अंगठा खळग्यात टेकवला. “हा त्यांचा आहे.”

“असं सगळेच म्हणतात. नाव-निशाणी आहे का काही?”

“पातं आवळून धरणारी ती पाचर काढा.”

दुकानदार पाचर ओढत बसला. ओढून ती कधी निघते का? मुलीने मला हातात घेतलं, मागच्या टोकावर लाकडी हातोडीचा एक ठोका दिला आणि पाचर सुटली. तिच्या आतल्या अंगाला दोन तिरप्या खाचा! एका रंध्याची पाचर दुसऱ्याला लागू नये म्हणून सुतार तिथेही खूण करायचा. पॉलिश पेपर तिथवर पोचलाच नव्हता.

“शेठ, चोरीचा माल आपल्याला नको बुवा,” हॉटेलवाला मागे सरला.

“चोरीचा कसला? घरच्याच माणसाने आणून दिला!” दुकानदार बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मला तिच्या हातात कोंबत म्हणाला, “न्या बाई. बोभाटा नको.”

आता मी पुन्हा सुताराच्या बाकावर आहे. व्हार्निश त्याने खरवडून काढलं, पात्याला धार लावली. मला शोभेला ठेवू नका, लाकूड द्या. अजून एका दमात लांबलचक साल काढून दाखवतो.

पण माझे बाकीचे सोबती आलेले नाहीत. हत्यारं गेली तेव्हा वर्कशॉपचं कुलूप शाबूत होतं. दुसरी किल्ली सुताराच्या सख्ख्या भावाकडे असते. तो रोज चहाला येतो, आणि त्याला अजून कोणी काही विचारलेलं नाही.