मी बिघडले नव्हते

मी एक डबी आहे. माझं खरं नाव पाठीवर चिकटवलंय, अक्षरं आणि आकडे मिळून चौदा, पण ते आजवर कुणी उच्चारलेलं नाही. दुकानदार मंडळी मला कार्डाचं मशीन म्हणतात. पोर्तुगालमधल्या ब्रागा गावातल्या बटणांच्या दुकानात मी आले, तेव्हा लुसीलियाने मला हातात घेतलं, वरून खालून चाचपलं आणि म्हणाली, "अगंबाई, एवढीशी तर डबी आहे!" त्या दिवसापासून मी डबी झाले, आणि बाईमाणूसही झाले.

माझ्या जन्माची गोष्ट सांगण्यासारखी नाही. एका कारखान्यात हजारभर बहिणींबरोबर जन्मले, खोक्यात बसले, जहाजातून आले. महागड्या माझ्या बहिणी पोटात बॅटरी घेऊन जन्मतात आणि हॉटेलांत टेबलाटेबलावर हिंडतात. मी स्वस्तातली. माझी वायर भिंतीत असेल तरच मला जीव, काढली की मी मेल्यातच जमा.

दुकान दोघी बहिणींचं होतं. थोरली देओलिंदा, बहात्तर वर्षांची, नाकावर घसरणारा चष्मा आणि बोलायला फटकळ. धाकटी लुसीलिया. तिची नजर चाळिशीतच गेली होती. दोघींनी लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर देओलिंदा म्हणायची, "वेळ कुठे होता? गिऱ्हाईक होतं ना!"

दुकानाच्या तिन्ही भिंतींना खण होते, वरपासून खालपर्यंत तीनशे बारा. शिंपल्याची बटणं, हाडाची, पितळेची, कोटाची, बाळाच्या झबल्याची. शिवाय फिती, लेस, हूक, नाड्या. लुसीलियाला यांतला एकूण एक खण पाठ होता. गिऱ्हाईक तुटक्या बटणाचा जोडीदार शोधत यायचं. ती ते बटण बोटांत फिरवायची, दोन पावलं डावीकडे जायची, हात वर करायची आणि तोच खण उघडायची. डोळे शाबूत असलेल्या देओलिंदाला ते कधी जमलं नाही.

मला इथे आणलं तेल्मोने. तेल्मो मशीनच्या कंपनीचा माणूस, तिशीतला, टोकदार बुटांचा, मनाने वाईट नाही. लोकांनी खिशात सुटे पैसे ठेवणं सोडलं होतं. आलेलं गिऱ्हाईक "कार्ड नाही चालत?" म्हणून परत जायचं, म्हणून देओलिंदानेच त्याला बोलावलं होतं.

"तुम्ही फक्त वायर लावा, दोना देओलिंदा," तेल्मो म्हणाला; दोना म्हणजे बाई. "बाकी सगळं हे आपलं आपण करतं."

"आपलं आपण? मग माझ्या भावजयीपेक्षा बरं म्हणायचं."

तेल्मो हसला आणि दर सांगू लागला. महिन्याचं भाडं पंधरा युरो, दर विक्रीमागे पाच सेंट आणि वर शेकडा एक. करार तेवीस पानांचा होता. एकोणिसाव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की दिवसाची विक्री मशीन त्याच रात्री दोन वाजता बँकेला पाठवील. ती उशिरा गेली, तर दर विक्रीमागे वीस सेंट आणि शेकडा तीन कापले जातील. ते पान तेल्मोने वाचून दाखवलं नाही. खरं सांगायचं तर त्याने स्वतःही ते कधी वाचलं नव्हतं. दोघी बहिणींनी खाली सह्या केल्या. लुसीलियाचा हात देओलिंदाने धरून रेघेवर ठेवला.

आणि मग पहिल्या संध्याकाळी सात वाजले. दुकान बंद करायची वेळ. लुसीलिया भिंतीशी आली, बोटांनी वायर शोधली आणि उपसून काढली.

त्यात तिचं काही चुकलं नाही. दुकान सोडताना भिंतीत काही लागलेलं ठेवायचं नाही, ही त्यांच्या आईची शिस्त होती. इस्त्री असो, रेडिओ असो. ते काम लुसीलियाचं, कारण तिच्या बोटांना विसर पडत नसे. वायर काढून तिने माझ्या अंगावर क्रोशाचा पांढरा रुमाल घातला. त्या दुकानात रुमालाशिवाय एकही वस्तू नसे, तराजूसुद्धा रुमाल पांघरून झोपायचा.

"वीज वाचते," ती म्हणाली, "आणि भाडंही वाचत असणार, ताई. बंद डबीचं भाडं कोण घेईल?"

"तू म्हणतेस तर तसंच," देओलिंदा म्हणाली.

सकाळी नऊला वायर लागायची. मला जाग आली की मी घाईघाईने कालची विक्री पाठवायची आणि पलीकडून एकच उत्तर यायचं: उशीर झाला. मग मी दोन बोटं रुंदीची चिठ्ठी काढायची. त्यावर छापलेलं असायचं, 'कालची विक्री उशिरा, वाढीव दर'. फिक्या राखाडी अक्षरांत, मुंगीच्या पायाएवढ्या. देओलिंदाच्या चष्म्याला ती दिसत नसत आणि लुसीलियाला तर काहीच दिसत नसे. चिठ्ठीचा कागद मात्र तिला फार आवडायचा. ती तो नीट फाडून घ्यायची आणि त्यात एकटं बटण गुंडाळून गिऱ्हाइकाला द्यायची. म्हणायची, "डबी रोज सकाळी कागद देते. गुणाची आहे."

मी काय करणार? मला तोंड नाही. एक टुंक आवाज आहे, तो विक्री झाल्यावर करायचा. त्या दोघींना वाटायचं, पैसे आले. मला ठाऊक असायचं, किती गेले.

दुकानाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पिएदाद राहायची. नवरा गेल्यापासून एकटी. ती दर बुधवारी एक बटण घ्यायला यायची, पंचवीस सेंटांचं, आणि ऐटीत कार्ड लावायची.

"पिएदाद, ही बटणं तू लावतेस तरी कुठे?" देओलिंदाने एकदा विचारलं.

"लावते कुठे! बरणीत टाकते. तुमच्या दुकानाला तेवढाच हातभार."

दहा सेंटांना घेतलेलं बटण पंचवीसला विकायचं आणि त्यातले वीस माझ्या वाटेने कंपनीला द्यायचे. ती माउली मायेने यायची आणि दर बुधवारी दुकानाला पाचसहा सेंटांनी गरीब करून जायची. मला तिचा राग येत नसे. मला माझाच राग यायचा.

पिएदादनेच एकदा सुचवलं, "समोरच्या बेकरीवाल्याने पाटी लावलीय बघा, पाच युरोंच्या खाली कार्ड चालणार नाही. तुम्हीही लावा."

लुसीलिया खणाकडून गर्रकन वळली. "वा! आणि एका बटणासाठी आलेल्या माणसाला काय सांगू? जा बाबा, उघड्या छातीने फिर?"

"अगं, पण सगळेच लावतात..."

"लावू देत. पाव कुठेही मिळतो. शर्टाचं हरवलेलं चौथं बटण फक्त आमच्याकडे मिळतं."

पाटी लागली नाही. जूनमधल्या संत जोआंवच्या जत्रेआधी नाचाच्या मंडळींची रांग लागायची, कुणाला लाल फीत, कुणाला जाकिटाची बटणं, आणि सगळ्यांच्या हातात कार्ड. दोघी बहिणी दमून खुर्चीत बसायच्या आणि खूश असायच्या. जितकी विक्री जास्त तितकं मी जास्त कापायची. ते दिवस मला नको वाटायचे.

दुसऱ्या वर्षी घरमालकाने जागेचं भाडं वाढवलं. वाढलेल्या भाड्याला दर महिन्याला शंभरएक युरो कमी पडू लागले. देओलिंदा बँकेचा कागद नाकाशी धरून बसायची.

"विक्री तर कमी झालेली नाही, लुसी. मग जातं कुठे?"

जे कमी पडत होतं ते जवळजवळ तेवढंच माझ्या पोटातून जात होतं. ते वाचलं असतं, तर दुकान टिकलं असतं. हे त्या दुकानात फक्त मला ठाऊक होतं.

एकदा तिने कंपनीला फोन केला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीने विचारलं, "मशीन चालू आहे का?" दुपारचे बारा वाजले होते. देओलिंदाने माझ्याकडे पाहिलं. माझा हिरवा दिवा लागलेला होता. "चालू आहे," ती म्हणाली. "मग काही अडचण नाही," असं म्हणून मुलीने फोन ठेवला. त्या क्षणी मी बंद असते तर!

लुसीलिया आत फिती मोजत असताना देओलिंदा पिएदादजवळ रडली, ते मी ऐकलंय. "मला दुकानाचं नाही गं काही. मी काय, खिडकीत बसेन. पण ही? घरी हिला कॉफीचा कप शोधावा लागतो, भिंतीला हात लावत चालते. इथे आली की कुणाला वाटतं का, हिला दिसत नाही म्हणून? हे गेलं की ती खरी आंधळी होईल."

जाताना पिएदादने एकाऐवजी दोन बटणं घेतली.

आणखी चार महिने रेटले. आईचे कानातले विकले. मग मार्चमध्ये देओलिंदाने घरमालकाला जागा सोडत असल्याचं कळवून टाकलं.

शेवटच्या दिवशी मला न्यायला तेल्मोच आला. खण रिकामे झाले होते, तरी लुसीलिया आतल्या भिंतीशी उभी राहून एकेक उघडत होती, आत हात घालत होती, बंद करत होती. तेल्मोने हिशेबाचा कागद काढला, हातातल्या फोनवर काही पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दोना देओलिंदा, इथे सगळी विक्री उशिराच्या दराने लागलीय. पहिल्या दिवसापासून. असं होतच नाही, मशीन रात्रीचं बंद ठेवल्याशिवाय..." तो थांबला. "रात्री वायर कोण काढायचं?"

आतून लुसीलियाचा आवाज आला, अगदी अभिमानाचा. "मी! रोज. दोन वर्षं नऊ महिने, एक दिवस चुकले नाही. का रे बाबा?"

देओलिंदा आधी तेल्मोकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, मग भिंतीतल्या त्या दोन भोकांकडे. तिला सगळं कळलं. तिचा रंग उतरलेला मी पाहिला. तिने तेल्मोचं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली, नाही, नाही.

"का रे?" लुसीलियाने पुन्हा विचारलं. ती हात पुढे करून येऊ लागली होती.

"मशीन..." तेल्मोने हिशेबाचा कागद घडी करून खिशात टाकला. "मशीनच खराब होतं, बाई. रात्रीचं बंद केलंत तेच बरं केलंत. चूक आमची आहे."

"मी म्हटलं नव्हतं, ताई?" लुसीलिया टेबलापर्यंत आली. तिच्या बोटांनी मला शोधलं आणि माझ्यावर हलकेच दोनदा थोपटलं. "हिचा आवाज मला पहिल्यापासून बरा वाटायचा नाही. बिचारी. तिचा तरी काय दोष!"

देओलिंदा हसली. तसं हसणं मला पुन्हा ऐकावं लागू नये.

दाराबाहेर तेल्मो हळूच म्हणाला, "अर्ज केला तर थोडेफार पैसे परत मिळतील. पण कारण लिहावं लागेल, आणि सह्या दोघींच्या लागतील. लुसीलियाबाईंना ते वाचून दाखवावं लागेल."

"मग राहू दे," देओलिंदा म्हणाली आणि आत गेली.

आता मी पोर्तू शहरातल्या एका गोदामात आहे. चांगल्या डब्या पुसून नव्या दुकानांना जातात. तेल्मोने माझ्या पाठीवर चिठ्ठी लावली. तिच्यावर त्याने 'खराब' असं लिहिलं. बोललेलं कुठेतरी खरं असावं, असं त्याला वाटलं असेल. खराब डब्या मंगळवारी फोडतात.

मी बिघडले नव्हते. मला जे शिकवलं तेच मी रोज बिनचूक केलं, आणि त्यानेच एका बाईचे तीनशे बारा खण गेले. म्हणून या खोट्या चिठ्ठीबद्दल माझी तक्रार नाही. दोन वर्षं नऊ महिन्यांत मी त्यांच्या उपयोगी पडले ती एवढीच.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. ब्रागाला कधी गेलात आणि एखाद्या बाकावर बहिणीचा दंड धरून बसलेली लुसीलिया भेटली, तर ती दुकानाचं सांगेल. डबी खराब निघाली, म्हणेल. तेव्हा नुसती मान डोलावू नका, तिला दिसणार नाही. तोंडाने 'हो' म्हणा.