बारशाची आत्या

“तुमचे कधी गेले?”

वसुधानं घुगऱ्यांच्या पातेल्यात डाव फिरवत, वर न बघता विचारलं. आवाजात भोचकपणा नव्हता. असलंच तर बहीणपण होतं.

सिंधूच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. “तू आपली आत बस हो, आत मोकळं वाटेल,” असं म्हणत मनोरमाकाकूंनी तिला बाहेरच्या बायकांत न बसवता थेट स्वयंपाकघरातल्या पाटावर का आणून बसवलं, ते तिला आत्ता कळलं.

सिंधू सरकारी दवाखान्यातली नर्स. आज ज्याचं बारसं होतं ते बाळ तिच्याच हातांवर जन्मलेलं. ड्यूटीवरून परस्पर आली म्हणून अंगावर पांढरं पातळ. हातात बांगडी नाही, कारण घटकेघटकेला कोपरापर्यंत हात धुणाऱ्या बाईला ती परवडत नाही. सकाळचं कुंकू दुपारपर्यंत घामाबरोबर टिपलं जायचं, आणि मंगळसूत्र गळाबंद पोलक्याच्या आत. एवढ्यावरून या बायकांनी तिचा धडधाकट नवरा मारून टाकला होता!

नीळकंठ नागपुरात सरकारी शाळेत ड्रॉइंग शिकवत होता. राज्यांची वाटणी झाली तेव्हा विदर्भ मुंबईकडे गेला, त्याच्यासोबत नीळकंठही गेला, आणि सिंधू आली भोपाळच्या वाट्याला. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना नद्या दिसल्या, डोंगर दिसले. एका ताटात जेवणारी दोन माणसं रेघेच्या दोन अंगांना पडली, तेवढं कुणाला दिसलं नाही. रजा मिळाली की तीच नागपूर गाठायची. त्यामुळे नव्या क्वार्टरांतल्या या मराठी वसाहतीत नीळकंठला कुणी पाहिलं नव्हतं.

आणि कुणी विचारलंही नव्हतं. गाव विचारलं, माहेर विचारलं, आडनावावरून बायका पार पोटजातीपर्यंत जाऊन आल्या. नवरा आहे का, एवढंच विचारलं नाही. ते म्हणे बघून कळतं.

“माझे...” सिंधू म्हणाली आणि अडली.

“नका सांगू. मला कळतं नं.” वसुधानं पातेलं उतरवलं. “माझ्याशी इथे बोलतं कोण? तुम्ही येऊन बसल्या तर बरं वाटून राहिलं.”

आता या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं, की माझा नवरा आहे म्हणून?

वसुधा म्हणजे मनोरमाकाकूंची लेक, बाळाच्या वडिलांची, अच्युतची, धाकटी बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विषमज्वरानं नवरा गेला, तेव्हापासून माहेरी. बाळंतपणाच्या दिवशी सिंधूच्या जोडीला तीच होती. पोर आधी रडेच ना, तेव्हा पाठ चोळायला तीच, आणि बाळाची आई वंदना तापानं बेशुद्ध पडली तेव्हा दिवसभर त्याला छातीशी धरून बसली तीही तीच. त्या दिवशी तिच्या पांढऱ्या कपाळाची कुणाला आठवण झाली नव्हती.

“नाव काय ठेवतेस?” सिंधूनं विषय बदलला.

“उदय ठरलं म्हणतात.”

“म्हणतात? नाव आत्यानं ठेवायचं असतं. आत्या तू नं त्याची?”

“कमलिनीताई ठेवून राहिल्या. समोरच्या क्वार्टरातल्या.” वसुधा घुगऱ्यांवर खोबरं पेरू लागली. “आई म्हणाली, नवं गाव आहे, लोकं काय म्हणतील.”

नवं गाव, नवं राज्य. भिंतीला टेकलं तर चुना अजून पाठीला लागत होता. आणि नागपुराहून येताना ट्रंकेत सगळ्यांत आधी भरलं काय, तर हे!

तेवढ्यात मनोरमाकाकू पाणी न्यायला आल्या. हातात हळदीकुंकवाची कोयरी. दोघींवर नजर गेली तशी त्यांनी ती चटकन पदराआड घेतली.

सिंधूच्या मस्तकात तिडीक गेली.

“काकू, माझा नवरा जिवंत आहे.”

“अगं बाई!” काकूंच्या हातून तांब्या निसटता निसटता राहिला. “मग आधी नाही का सांगायचं? मेलं ते पातळ तुझं! ऊठ, ऊठ, बाहेर चल.”

“म्हणजे तुम्ही...” वसुधा एवढंच म्हणाली. मग हसली, जत्रेत भलत्याच बाईचा हात धरल्यावर हसावं तशी. “जा नं. आई बोलवून राहिली.”

बाहेर एकच गलका झाला.

“सिस्टर, मिस्टरांना लपवून ठेवलं होय?”

“आम्हाला काय ठाऊक, बाप्पा! आम्हाला वाटलं...”

कुंकू लागलं, ओटीत नारळ पडला. मघाशी अपशकुनी ठरलेल्या पातळाला कुणीतरी “किती शुभ्र ठेवता हो!” असंही म्हणालं. सिंधूचा चेहरा तापला होता. बाई तीच, पातळ तेच. आणि मेलं आपणही म्हटलं काय, तर मी त्यातली नाही. ही रीतच हलकट आहे, असं कुठे म्हटलं? म्हणजे आतल्या पोरीला आपण हातानं आत ढकलून आलो.

“सिंधू, तू पाळण्याच्या पलीकडे हो,” काकूंनी फर्मावलं.

अलीकडे कमलिनीताई. गोविंद घ्या, गोपाळ घ्या, म्हणत त्यांनी बाळ पाळण्यावरून दिलं. सिंधूनं घेतलं. आता ते पाळण्याखालून परत द्यायचं. कमलिनीताईंनी वाकून हात पुढे केले.

सिंधू बाळाला घेऊन उठली आणि सरळ आत निघाली.

“अहो सिस्टर, इकडे! इकडे!”

स्वयंपाकघरात वसुधा द्रोण मांडत होती.

“हात धू,” सिंधू म्हणाली.

“काय झालं?”

“हात धू आणि घे याला. आत्या आहेस नं?”

वसुधा भिंतीला चिकटली. “नको हो. उद्या शिंक आली तरी माझ्या नावावर येईल.”

“तो रडत नव्हता तेव्हा कुणाच्या नावावर होता?”

दारात बायकांची गर्दी झाली. पुढे मनोरमाकाकू.

“हे काय करून राहिलीस? शुभकार्य आहे घरात! तुला सवाष्ण म्हणून मान दिला...”

“मघाशी याच पाटावर बसवलं होतं, काकू. आता पोर माझ्या हातात आहे. कुणाला द्यायचं ते मी बघते.”

“आई, असू द्या नं,” बाहेरून बाळंतिणीचा, वंदनाचा, बारीक आवाज आला.

काकूंनी सुनेच्या आवाजाकडे मान वळवली. लेकीकडे मात्र पाहिलं नाही.

वसुधानं हात धुतले, पदराला कोरडे केले, पुन्हा पुसले. बाळ घेऊन ती खाली बसली, त्याच्या कानाशी वाकली, कुर्र म्हणाली. मग कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. नाव काही एवढं लांब नसतं.

नाव सांगून झालं की जमलेल्या बायकांनी हसत हसत आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, अशी रीत. सिंधूनं पहिली घातली. रागाच्या भरात ती जरा जोरातच बसली.

मग तिनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी हललं नाही.

वसुधा बाळावर ओणवी होऊन, पाठ पुढे करून, थांबून राहिली होती.