पोचल्याचा निरोप

तिवोंगेला उठताबसता आभार मानायची सवय होती. कुणी पाण्याचा पेला पुढे केला तरी ती आधी दोन्ही तळहात हलकेच एकमेकांवर थापटी, 'उपकार झाले' म्हणे, आणि मगच पेला हातात घेई. लुसुंगूच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे तिचं सगळं अंथरुणात करणारी तिवोंगेच, आणि तरी पेज भरवून झाली की आभारही तीच मानायची. आज चार घास जास्त खाल्लेस, उपकार झाले. लुसुंगू शिवणकाम करी. "हसवू नकोस गं मेले," ती म्हणायची, "डॉक्टरची शिलाई माझ्याइतकी पक्की नाही."

जुलैत तिवोंगे गावी, उसिस्याला, जायला निघाली. डोंगरातला रस्ता एप्रिलात संपलेल्या पावसाळ्यापासून खचलेला होता, त्यामुळे सरोवरातून होडीने पाच-सहा तास जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि दक्षिणेचा म्वेरा वारा सुटला होता.

"दोन दिवस थांब. वारा पडू दे," लुसुंगू म्हणाली.

"आई तिकडे एकटी आहे. आणि तू भांडायला लागलीस, म्हणजे बरी झालीस."

"पोचलीस की कळव."

"टेकडी चढावी लागते फोन लागायला. चढेन बाई, नाहीतर तू पाण्यात उतरून शोधत येशील."

पहाटे माणसांनी आणि पोत्यांनी काठोकाठ भरलेली ती होडी खडकाच्या टोकाआड जाईपर्यंत लुसुंगू किनाऱ्यावर उभी राहिली. घरी येऊन मशीनवर बसली खरी, पण आठच्या सुमाराला पत्रे वाजू लागले, सरोवराचा रंग शिशासारखा झाला, आणि एकच बाही तिने दोनदा उलटी जोडली आणि दोनदा उसवली.

अकराच्या सुमाराला दारात तिवोंगे उभी होती.

"होडी परत फिरवली," ती म्हणाली.

लुसुंगूने तिला घट्ट धरलं, किती वेळ देवाचे आभार मानत राहिली, आणि मग लगबगीने पाणी आणलं. तिवोंगेने एका हाताने पेला घेतला, पिऊन खाली ठेवला, आणि काही बोलली नाही. घाबरली असेल, लुसुंगूच्या मनात आलं. पण त्या होडीत चढता-उतरताना शांत दिवशीसुद्धा माणूस कमरेपर्यंत भिजतं, आणि तिवोंगेचं चितेंजे, कमरेला गुंडाळलेलं ते फुलांचं कापड, कडांपर्यंत कोरडं होतं.

"बाकीची माणसं?"

"आहेत."

"तुझं गाठोडं?"

"आहे."

कुठे, हे विचारायचा लुसुंगूला धीर झाला नाही. तिने मक्याच्या पिठाची एन्सिमा शिजवली, सुके मासे टोमॅटोत परतले. हे सगळं करताना पाठीमागे बसलेली मैत्रीण नजर न हलवता आपल्याकडे पाहते आहे, हे तिला वळून न बघताही कळत होतं. वाऱ्यामुळे चूल धरेना, जेवायला चार वाजले. दोघी समोरासमोर बसल्या, आणि पहिल्याच घासाला फोन वाजला.

तिवोंगेची आई बोलत होती. टेकडी चढून आल्याने तिला धाप लागली होती.

"पोरी, तुझे फार उपकार. लेक सुखरूप पोचली गं माझी. नखशिखान्त भिजली आहे, काही बोलत नाही, नुसती कुडकुडते आहे. शेकोटीपाशी बसवून आले. म्हटलं, लुसुंगूच्या जिवाला घोर नको."

"आई," लुसुंगू म्हणाली, तोच फोन कट झाला.

समोर तिवोंगेचा हात ताटातच थांबला होता.

"कोण होतं?"

"तुझी आई."

"काय म्हणते?"

खोटं बोलावं असं लुसुंगूला क्षणभर वाटलं, पण तोवर तोंडून निघून गेलं होतं. "तू पोचलीस म्हणते."

तिवोंगे थोडा वेळ दाराबाहेरच्या करड्या पाण्याकडे पाहत राहिली. मग सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि तिने ताट जरासं पुढे ओढून घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे आता मला जायला नको."