चादरीचं दुसरं टोक

धाकटी लॉन्ड्रीच्या दारात आली तेव्हा ताई एकटीच हॉटेलच्या चादरींशी झटापट करत होती. नऊ वर्षांत बहिणी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. उद्या सकाळच्या गाडीने लेकीकडे चाललेय, कायमची, भेटून जावं म्हटलं, असं धाकटीने उंबऱ्यातूनच सांगितलं.

ताईने चादरीचं एक टोक तिच्याकडे केलं. अशा वेळी माणूस कामाचंच बोलतं. "उभी काय राहिलीस? टोक धर."

डबल चादरीची घडी एकटीने घालायला जावं तर बोचकं होतं. वडिलांनी दोघींना शिकवलं होतं: ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. तेव्हा त्यांचा लहान भाऊ ताणलेल्या चादरीखालून रांगत जायचा आणि वडिलांचे धपाटे खायचा. बिलंदर पोरगं. काय दिवस होते ते.

त्या भावाला धाकटीच्या नवऱ्याने मारलं. दोघे पोरवयापासूनचे जिवाभावाचे मित्र, एकाच टेबलावर इस्त्री शिकलेले. आणि दोघांच्या भागीतलं हे लॉन्ड्रीचं दुकान आपलं एकट्याचं व्हावं म्हणून मेहुण्याने आठवडाभर बेत करून त्याच्यावर सुरा चालवला. फाशीची शिक्षा झाली. दयेच्या अर्जावर सही मागायला धाकटी याच दारात आली होती. "माझा भाऊ परत आण, मग सही घे," असं ताईने तिला सुनावलं होतं.

फाशी झाली की जीव थंड होईल, असं ताईला वाटलं होतं. फाशी झाली, पण कसला थंड होतोय! भावाला आठवायला जावं तर शवागारातला चेहराच पुढे यायचा. हसणारा भाऊ सापडेचना, कारण तो हसायचा तिथे मेहुणा शेजारी असायचाच. एकाला वगळायला गेली आणि दुसराही हातचा गेला. भावाला लहानपणापासून ओळखणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते उद्या गाडीत बसणार होतं.

सहाव्या की सातव्या चादरीला धाकटी खुदकन हसली. "डॉक्टरांचा कोट आठवतो?"

इस्त्रीला आलेला कोट चढवून भाऊ घरमालकिणीला तपासायला गेला होता. नाडी धरली, जीभ बघितली, गोड कमी खा म्हणून दटावलं. धाकटी रंगून सांगत होती. "मग पिठीसाखरेच्या पुड्या घेऊन आत आले..." म्हणाली, आणि थबकली. पुड्या घेऊन कोण आला होता ते दोघींनाही ठाऊक होतं.

"राहू दे पुढचं," धाकटी खाली बघत म्हणाली.

"राहू दे कशाला? कंपाउंडर कोण झाला होता?"

"ताई..."

"मी त्याला माफ केलेलं नाही. कधी जमेल तेही माहीत नाही. पण त्याला वगळलं की माझा भाऊच मला दिसत नाही गं. सांग."

धाकटीने चादरीचं टोक घट्ट धरलं. "हे झाले होते कंपाउंडर," ती म्हणाली. "यांनी पुड्या दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी दुकानात हजर. म्हणे, कालच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, अजून चार पुड्या द्या."

ताई हसली, इतकी की तिला खाली बसावं लागलं. बोटांच्याही पुढे बाह्या लोंबणारा कोट घातलेला भाऊ तिला लख्ख दिसला. शेजारी पुड्या बांधणारा कंपाउंडरही दिसला. तिने दोघांनाही दिसू दिलं.

"त्या दिवशी तुला दारातूनच परत पाठवलं, ते चुकलं माझं," डोळे पुसत ती म्हणाली. "निदान आत तरी घ्यायला हवं होतं."

धाकटीने चपला काढल्या आणि चादरींच्या ढिगावर ताईला खेटून बसली.