नवरदेवाची गाडी

चांगदेवने पिकअपचा मागचा फाळका खाली पाडला आणि वर चढून उभा राहिला. दोन्ही पाय आपटून पाहिले, वाकून खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर नजर टाकली आणि नारायणगावच्या त्या जुन्या गाड्यांच्या बाजारात चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

“हिला घे. डोळं झाकून घे.”

त्याचा मुलगा रुपेश तिकडे बघतही नव्हता. तो पलीकडच्या काळ्या स्कॉर्पिओत बसून स्टिअरिंग कुरवाळत होता. चारही चाकांना ओढ असलेली गाडी. दलालाने बॉनेट उघडून दाखवलं होतं, भीमाशंकरच्या वाटेवरचे चढ तोंडपाठ म्हणून दाखवले होते. आता तो शहाणा माणूस बाजूला उभा राहून नुसता हसत होता, कारण सौदा झाल्यात जमा होता.

चांगदेव खिडकीशी आला. उभी हयात त्याने एसटी चालवली होती. निवृत्त झाल्यावरही गाडीच्या जवळ गेला की त्याचा हात आपोआप टायरवर जाई.

“आबा, पिकअपमदी काय भरायचं? टमाटी?”

“टमाटीच. उन्हाळ्यात बाजाराला गाड्या पुरत न्हाईत. आन टमाट्याला कोन इचारत न्हाई, कुनाच्या गाडीतनं आला म्हून.”

“आन मानसाला इचारत्यात?”

चांगदेव खाली वाकला. टायरवरची माती नखाने काढत राहिला.

“तुमच्या एसटीत बसलंच ना समदं गाव?”

“ती सरकारची व्हती. ही आपली असंल.”

रुपेशला राग आला. बाप अजून जुन्या काळातच अडकून पडलाय, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने हिशोब वेगळा मांडला होता. गावात लग्नसराईला दारात मोठी गाडी लागते, ती नेहमी बाहेरून येते. सयाजीनानांचा ऋषी शाळेत त्याच्या बाकावर बसलेला. त्याने शब्द दिला होता, माझी वरात तुझ्याच गाडीतून. एकदा सयाजीनानांच्या घरचा नवरदेव बौद्धवाड्यातल्या गाडीत बसला की बाकीचं गाव आपोआप बसेल. मग कुणाचा बाप काही म्हणणार नाही, आपलासुद्धा.

स्कॉर्पिओ घरी आली. आई द्रौपदाने तिला ओवाळलं. थंडीभर रुपेशने पुण्याच्या लोकांना डोंगर दाखवले. ती माणसं गाडीत बसत, वेफर्स सांडत, त्याला ‘रुपेशभाऊ’ म्हणत आणि आडनाव न विचारता निघून जात. गावातली लग्नं मात्र एकामागून एक उरकली आणि त्याच्या दारी कुणी आलं नाही. एकाची गाडी आधीच ठरली होती, एकाच्या मेव्हण्याची होती. रुपेश सगळ्यांना ‘असू द्या की’ म्हणायचा आणि मे महिन्याची वाट बघायचा.

एप्रिलअखेरीस सयाजीनाना स्वतः अक्षत घेऊन आले. अंगणात बसून चहा प्याले. चहाचा प्रश्न गावाने कधीच निकालात काढला होता. जे सोडून द्यायला फारसं जड जात नाही, ते गावं सोडून देतात.

“रुपेश, तुजी गाडी पायजे बरं का लग्नाला. तुज्यावाचून हलायचं न्हाई आमचं.”

“नाना, हे काय सांगनं झालं?”

नाना गेल्यावर रुपेशने बापाकडे पाहिलं. बघा, असं तोंडाने म्हणाला नाही एवढंच. चांगदेवनेही हार मानल्यासारखी मान हलवली आणि द्रौपदाला पेटीतला कोट काढून उन्हात टाकायला सांगितलं. पोराचं खरं निघावं, असं त्यालाही फार वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी रुपेशने गाडी दोनदा धुतली. बाप शेजारी कोट घालून बसला. सयाजीनानांच्या दारात पोचले तर तिथे पुण्याहून आलेली पांढरी गाडी उभी होती. बॉनेटवर गुलाब, आरशांना झेंडू.

ऋषी मुंडावळ्या सावरत जवळ आला. बोलताना त्याने रुपेशच्या खांद्यावर हात ठेवला, पण बघत होता तो गाडीच्या चाकाकडे.

“आज्जीनं लई घोळ घातला राव. पावनंबी जुन्या वळनाचं. तू समजून घे. बेंजोवाल्यांचा टेम्पो आला न्हाई, तेवढं सामान तुज्या गाडीत टाकू या.”

रुपेश काही बोलायच्या आत सयाजीनाना आले. त्यांनी स्वतः मागच्या सीटा दुमडल्या, गाडी खराब होऊ नये म्हणून गोणपाट अंथरलं आणि माणसांना ‘हळू रे, नवी गाडी हाय’ असं दरडावत भोंगे, ढोल, जनरेटर आत चढवला. दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांच्या मते त्यांनी शब्द पाळला होता.

 म्या सांगितलं व्हतं, एवढंच म्हणायचं होतं चांगदेवला. तो एका भोंग्याची कड धरून आत सरकवू लागला.

मुलीचं गाव डिंभ्याच्या पलीकडे, धरणाच्या वरच्या अंगाला. वऱ्हाडाचे ट्रक पहाटेच पुढे गेले होते. घाटाच्या मधल्या वळणावर रुपेशला ती पांढरी गाडी आडवी दिसली. बॉनेट उघडं, वाफेचा लोट. ड्रायव्हर नळी फुटल्याचं सांगत होता. ऋषी रस्त्यात उभा होता, हातात कट्यार. सयाजीनाना घड्याळ बघत होते. ऋषीची म्हातारी आज्जी साळुबाई, बहीण श्रेया आणि दोन करवल्या झाडाच्या सावलीला.

रुपेश त्यांच्याजवळ गाडी लावतोय तोवर चांगदेव खाली उतरलाही होता. त्या वयात एवढी घाई त्याने कधी केली नसेल. पुढचं दार उघडं ठेवून, आपण बसलो होतो ती सीट त्याने कोटाच्या बाहीने पुसली आणि मागे जाऊन भोंगे आणि जनरेटर यांच्यामधल्या फटीत कसाबसा शिरला.

“नवरदेव, बसा,” तो आतून म्हणाला. “मुहूर्ताला पोचवतोय पोरगा.”

ऋषी निघाला. दारापर्यंत आला, एक हात दारावर ठेवला.

“ऋषी,” साळुबाई म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडली नाही.

खालून एक पिकअप रिकाम्या क्रेटचा खडखडाट करत वर येत होती. सयाजीनानांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला. कुणाची गाडी, कुठला ड्रायव्हर, कुणी विचारलं नाही. टमाट्याच्या आंबूस वासाच्या त्या केबिनमध्ये नवरदेव शेरवानी गोळा करून बसला. शेजारी म्हातारी, तिच्या कडेला अर्धे बाहेर सयाजीनाना. ऋषीने मान वळवली नाही. काही दोस्त अशा वेळी निदान डोळे मिटून घेतात, याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

पिकअप सुटता सुटता नानांनी डोकं बाहेर काढलं.

“रुपेश, तुजी गाडी दनकट हाय. हिला दोर बांध आन वडून आन. पोरी हिच्यातच बसतील.”

श्रेया आणि करवल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसल्या. ड्रायव्हरने दोर आणला, दोन्हीकडे गाठी मारल्या. रुपेश स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होता. बाजूच्या आरशात मागची गुलाबांनी मढलेली गाडी गच्च भरलेली दिसत होती. शेजारच्या सीटचं दार अजून उघडंच होतं. दोर सोडावा, सामान इथंच रस्त्यावर काढून ठेवावं आणि गाडी वळवून घरी जावं, असं त्याच्या मनात आलं. 

“आबा, फुडं या.”

आत ढोलावर काहीतरी आपटलं. चांगदेव मागून उतरून आला. कोटाला जनरेटरचं काळं वंगण लागलं होतं. ते त्याच्या लक्षात आलं, पण त्याने पुसलं नाही. सीटवर बसला, दार ओढून घेतलं. रुपेशने चावी फिरवली आणि एवढ्या रागाने रेस केली की सगळी गाडी हादरली.

चांगदेवने मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“दोराला झटका देऊ नगंस,” तो म्हणाला. “क्लच हळू सोड. मागं मानसं बसल्यात.”